अर्ज अडकलाय की अर्जात चूक आहे?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो कसा समजला ते आधी मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल.

तुम्ही कोपरखैरण्याला राहता आणि नेरूळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहात. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत (गुणांवरून कायम वास्तव्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, माणसं निवडण्याची पद्धत) १९ ऑगस्ट २०२५ ला आरोग्यसेवेच्या गटाची जी फेरी झाली, त्यात तुम्हाला अर्ज करायचं निमंत्रण आलं. गुणांचा कटऑफ ४७० होता, तुमचे ४७४. ऑक्टोबरात पीआरचा अर्ज गेला, त्यात तुम्ही, तुमचे पती आणि मुलगी. आता जून आहे आणि दुसरं बाळ ऑगस्टमध्ये येणार आहे. अर्जाच्या ऑनलाइन खात्यात आठ महिने काहीच हललेलं नाही. मध्यंतरी एजंटकडून भरलेल्या फॉर्मची प्रत मिळवलीत तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी की जुलै २०१९ ते ऑगस्ट २०२१ या काळात तुम्ही बसायचात हॉस्पिटलच्याच लॅबमध्ये, पण लॅब बाहेरच्या कंपनीला चालवायला दिलेली होती आणि पगार त्या कंपनीचा होता. फॉर्ममध्ये मात्र सगळा काळ हॉस्पिटलच्या नावावर टाकलाय. दुसरी, ‘आणखी कुठलं नाव वापरलंय का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलंय, आणि तुमचा पासपोर्ट माहेरच्या नावाने आहे, आधार, बँक आणि हॉस्पिटलचं पत्र सासरच्या नावाने. एजंट म्हणतो आता काही लिहू नका, फाइल रांगेत मागे जाईल. शिवाय ‘अर्जंट प्रोसेसिंग’साठी चाळीस हजार मागतोय. तुमचा प्रश्न आहे, फाइल पुढे कशी सरकवायची?

माझ्या मते तुमचा प्रश्न फाइल सरकवण्याचा नाहीच. उशीर आणि चूक या दोन वेगळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधल्या गेल्यात आणि एजंटला ते सोयीचं आहे. उशिरावर तुमच्या हातात फार थोडं आहे, आणि तो बहुतेकदा आपोआप संपतो. चुकीचं तसं नाही. ती तुमच्या लक्षात आलेली आहे आणि फाइल पुढे सरकली की तीही बरोबर सरकणार आहे. निर्णयाच्या टेबलावर ती जाण्याआधी तुम्ही स्वतः सांगितलेली बरी. म्हणून आधी चूक, मग उशीर.

माझ्याबद्दल एवढंच, की ठाण्यात नौपाड्यात माझं छोटं ऑफिस आहे, इमिग्रेशन सल्लागारांना परवाना देणारी कॅनडाची जी संस्था आहे, तिला ‘कॉलेज’ म्हणतात, तिचा परवाना आहे, आणि दहा-बारा वर्षं हेच काम करतेय. तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत. त्यामुळे जिथे ‘हे यावर अवलंबून आहे’ म्हणेन तिथे खरंच अवलंबून आहे, टाळाटाळ समजू नका.

सगळ्यात आधी एक तपासा. अर्जात संपर्काचा ईमेल कुणाचा आहे? तुमचा, की एजंटने बनवलेला एखादा जीमेल? आणि खात्याचा पासवर्ड कुणाकडे आहे? तुम्हाला फॉर्मची प्रत ‘मिळवावी’ लागली, म्हणजे खातं त्याच्या ताब्यात असावं असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर गेल्या आठ महिन्यांत काही हललं नाही हेही तुम्हाला त्याच्याकडूनच कळलंय. कागद मागणारं पत्र आलं असेल आणि त्याने उघडलंच नसेल, तर मुदत टळून अर्ज नाकारला जाऊ शकतो. अशी फाइल माझ्या टेबलावर दरवर्षी एखादी तरी येते. घरचे रोज कॅनडाच्या उत्तराची वाट बघत बसलेले आणि पत्र भलत्याच इनबॉक्समध्ये पडलेलं. त्यामुळे आजच पासवर्ड मागा. तोंडी नको, व्हॉट्सअॅपवर लिहून मागा, म्हणजे नोंद राहते. देत नसेल तर कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचा वेबफॉर्म आहे, त्यावरून अर्ज क्रमांक आणि पासपोर्टचा तपशील देऊन संपर्काचा ईमेल बदलायला सांगता येतं. त्याला रीतसर प्रतिनिधी नेमलेलं असेल तर ते रद्द करायचा वेगळा फॉर्म आहे.

त्याचं नाव त्या कॉलेजच्या सार्वजनिक यादीतही शोधून बघा. पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर परवाना असलेला सल्लागार किंवा कॅनडातला वकील लागतो, हा तिथल्या कायद्याचा नियम आहे. वाशी, ठाणे, पनवेल, कुठेही बोर्ड लावून बसलेल्यांत असे परवानेवाले किती, ते यादी उघडलीत की कळेल. विनापरवाना माणूस फॉर्मवर स्वतःचं नाव टाकतच नाही. कागदोपत्री अर्ज तुम्हीच भरलेला असतो, सही तुमची असते, आणि ‘एजंटने भरलं’ हे उत्तर तिथे चालत नाही.

आता मुख्य चूक, पगार देणाऱ्या कंपनीची.

ही चूक किती गंभीर, हे ठरवताना मी स्वतःला दोन प्रश्न विचारते. खरी माहिती लिहिली असती तर निमंत्रण मिळालंच असतं का? आणि पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याने फोन उचलला तर त्याला काय ऐकू येईल?

पहिल्याचं उत्तर तुमच्या बाबतीत बऱ्यापैकी चांगलं आहे. परदेशातल्या अनुभवाचे गुण एक ते दोन वर्षं आणि तीन किंवा जास्त वर्षं अशा टप्प्यांत मोजतात. भाषेच्या परीक्षेत वरची पातळी असेल तर या दोन टप्प्यांत २५ गुणांचा फरक पडतो. तुमचे ४७४ आणि कटऑफ ४७०, म्हणजे तुमच्याकडे जादा चारच गुण. २५ गेले असते तर निमंत्रणच आलं नसतं. पण २०१९ ते २०२१ चा काळ अगदी पुसून टाकला तरी सप्टेंबर २०२१ ते ऑगस्ट २०२५ अशी हॉस्पिटलच्या पगारावरची जवळजवळ चार वर्षं उरतात. तीनचा टप्पा सुटत नाही, गुण तेच राहतात. शिवाय तो काळ पुसायचं कारणच नाही. काम तेच होतं, पूर्ण वेळ होतं, पगारी होतं. फक्त मालकाचं नाव दुसरं.

तुमच्या जागी दुसरं कुणी असतं, ज्याचा एकूण अनुभव तीन वर्षं दोन महिने आणि त्यातलं दीड वर्ष डळमळीत, तर माझं उत्तर बदललं असतं. खरी माहिती लिहिल्यावर गुण कटऑफच्या खाली जात असतील तर निमंत्रणाचा पायाच जातो. तिथे अर्ज मागे घेऊन नव्याने पूलमध्ये, म्हणजे निमंत्रणाची वाट बघणाऱ्या उमेदवारांत, उतरणं हाच पुष्कळदा शहाणपणाचा मार्ग असतो. तुमच्या वेळच्या दराने मुख्य अर्जदाराची प्रक्रिया फी ९५० डॉलर होती, ती काम सुरू झाल्यावर परत मिळत नाही. कायम वास्तव्याच्या हक्काची ५७५ डॉलरची वेगळी फी मात्र अर्ज मागे घेतला किंवा नाकारला गेला तर परत येते. हे इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिलं, तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र अडचणीचं आहे. अधिकाऱ्याने हॉस्पिटलच्या एचआरला ईमेल केला की ‘या व्यक्ती जुलै २०१९ पासून तुमच्याकडे नोकरीला आहेत का’, तर एचआर रजिस्टर बघून प्रामाणिकपणे लिहील की सप्टेंबर २०२१ पासून आहेत. झालं. तुमच्या फॉर्ममध्ये दोन वर्षांची खोटी नोकरी दिसली. मग एक पत्र येतं, ज्यात अधिकारी सांगतो की आम्हाला असा असा संशय आहे, तुमचं म्हणणं मांडा. त्याला उत्तर द्यायला मोजके दिवस मिळतात. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं ४० वं कलम चुकीची माहिती देण्याबद्दल किंवा महत्त्वाची माहिती दडवण्याबद्दल आहे, आणि ते लागलं तर पाच वर्षं प्रवेशबंदी. त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. त्या कलमात ‘ज्यामुळे निर्णयात चूक होऊ शकते’ एवढंही पुरतं, प्रत्यक्ष फायदा झालाच पाहिजे असं नाही. निरागस चुकीला सूट आहे, पण ती फार अरुंद आहे. आणि चूक लक्षात आल्यावरही गप्प बसलेल्या माणसाला निरागस म्हणणं अधिकाऱ्याला जड जातं.

तीच माहिती त्या ईमेलच्या आधी तुमच्याकडून गेली तर चित्र वेगळं असतं. पुराव्यासकट दुरुस्ती, गुणांवर परिणाम नाही. माझ्या अनुभवात अशी फाइल अधिकारी शांतपणे वाचतात. हमी मी देणार नाही, कुणी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

पुढे जाण्याआधी मात्र एक अडचणीचा प्रश्न विचारावा लागेल. २०१९ ते २०२१ साठी अर्जाला जोडलेलं अनुभवाचं पत्र कुठून आलं? हॉस्पिटलच्या एचआरने भोळेपणाने ‘२०१९ पासून आमच्या लॅबमध्ये कार्यरत’ असं लिहून दिलं असेल तर ते ढिसाळ आहे, पण खरं आहे. दुरुस्त पत्र मागता येईल. पण तुम्ही ते पत्र कधी पाहिलेलंच नसेल आणि एजंटने लेटरहेड ‘तयार केलं’ असेल, तर इथेच थांबा. तो नुसत्या चुकीचा नाही, बनावट कागदाचा मामला आहे. अशा वेळी एक ओळही लिहिण्याआधी कॅनडातल्या इमिग्रेशन वकिलाशी बोला. त्याची फी एजंटच्या चाळीस हजारांपेक्षा जास्त होईल, तरीही.

पत्र खरं आहे असं धरून पुढे सांगते. लॅब चालवणाऱ्या त्या कंपनीचं नियुक्तिपत्र आणि सोडतानाचं पत्र शोधा. कंपनी अजून चालू असेल तर अनुभवाचं रीतसर पत्र मागा: लेटरहेडवर, सहीशिक्क्याचं, पद, तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि मुख्य म्हणजे तुम्ही काय काम करत होतात ते. आपल्याकडची पत्रं ‘त्यांचे वर्तन समाधानकारक होते, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ एवढ्यावर संपतात. कॅनडाच्या अधिकाऱ्याला तुमच्या वर्तनात रस नाही. तुम्ही रक्ताचे नमुने तपासत होतात की नोंदणी काउंटरवर बसत होतात, हे त्याला हवंय.

कंपनी बंद पडली असेल किंवा एचआर दाद देत नसेल, तर पीएफ कामाला येतो. तुमच्या यूएएनच्या खात्यात सर्व्हिस हिस्टरी निघते, त्यात कुठल्या कंपनीत कधी लागलात आणि कधी सोडलंत ते असतं. त्याच्या जोडीला त्या काळातल्या तीन आर्थिक वर्षांचे फॉर्म १६, पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट, ज्यात पगार जमा करणाऱ्या कंपनीचं नाव दिसतं. आणि तेव्हाच्या तुमच्या वरिष्ठांचं, ते आज कुठेही असोत, कामाचं वर्णन करणारं पत्र. पीएफमधल्या तारखा आणि नियुक्तिपत्रातल्या तारखा काही दिवसांनी वेगळ्या असल्या तर घाबरू नका, पण पत्रात तसं नमूद करा. अधिकाऱ्याने स्वतः फरक शोधण्यापेक्षा आपण दाखवलेला बरा.

हॉस्पिटलकडून एक छोटं पत्र मिळालं तर फारच उत्तम: अमुक काळात आमची लॅब अमुक कंपनी चालवत होती, या व्यक्ती त्या कंपनीच्या कर्मचारी म्हणून आमच्या आवारात काम करत होत्या, आणि अमुक तारखेपासून आमच्या सेवेत आहेत. हॉस्पिटलं असं पत्र सहसा देतात, कारण त्यात त्यांचं काही जात नाही. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या. एचआरवर सोडलंत तर पुन्हा ‘वर्तन समाधानकारक’ येईल.

आता खुलाशाचं पत्र. एक पान, इंग्रजीत, साध्या वाक्यांत. फॉर्ममध्ये काय लिहिलंय, वस्तुस्थिती काय, सोबत कुठले पुरावे, या दुरुस्तीने अनुभवाचा एकूण काळ आणि कामाचं स्वरूप बदलत नाही, आणि चूक कशी झाली ते एका वाक्यात. लोक या शेवटच्या वाक्याची पाच पानं करतात. एजंटने कसं फसवलं, घरी काय ताण आहे, मुलीचं भविष्य. ते सगळं काढा. ‘फॉर्म मी दुसऱ्याच्या मदतीने भरला, पाठवण्याआधी नीट तपासला नाही, अलीकडे प्रत वाचताना लक्षात आलं’ एवढं पुरे. माफी मागायची तर एकदा. हे वेबफॉर्मवरून पाठवा, पोचपावतीचा ईमेल जपून ठेवा.

याने फाइल रांगेत मागे जाते का? नाही. तुमचा अर्ज ज्या दिवशी पूर्ण म्हणून दाखल झाला ती तारीख बदलत नाही, आणि मुलीचं वयही त्या तारखेलाच धरलं जातं. पत्र फाइलला जोडलं जातं, अधिकारी फाइल उघडेल तेव्हा वाचेल. त्याने पडताळणी करायची ठरवली तर काही आठवडे जास्त लागतील, हे खरं आहे. एजंटच्या म्हणण्यात खरं असलंच तर एवढंच.

नावाची चूक त्या मानाने हलकी आहे, पण तीही याच पत्रात घ्या, दुसरं पत्र नको. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलणं, कधी कधी तर पहिलंसुद्धा, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की ‘आणखी कुठलं नाव वापरलंय का’ या प्रश्नाला बायका सहज ‘नाही’ म्हणतात. तिकडच्या अधिकाऱ्याला मात्र पासपोर्टवर एक बाई दिसते आणि हॉस्पिटलच्या पत्रावर दुसरी. त्यात मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सासरचं असेल, तर ही आई कोण, असाही प्रश्न उभा राहतो. उपाय म्हणजे आजवर कुठल्याही कागदावर आलेली सगळी नावं लिहायची, स्पेलिंगच्या फरकांसकट, आणि दोन नावांना जोडणारा दुवा म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्र द्यायचं. सोबत नोटरीकडे केलेलं, ही दोन्ही नावं माझीच आहेत असं सांगणारं प्रतिज्ञापत्र. विवाह प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल आणि भाषांतरकाराचं शपथपत्रही. ते तुम्ही स्वतः किंवा घरातल्या कुणी केलेलं चालत नाही, काका इंग्रजीचे प्राध्यापक असले तरी.

नाव बदलून राजपत्रात छापून घ्या, असं तुम्हाला कुणी सुचवेलच, आपल्याकडे नावाच्या प्रत्येक दुखण्यावर तोच काढा देतात. आता तसं करू नका. कॅनडाचं खातं पासपोर्टवरचं नाव धरून चालतं आणि तुमचा अर्ज त्या नावाने बरोबर गेलाय. आता नाव बदललंत तर पासपोर्ट पुन्हा काढावा लागेल, पोलिस पडताळणी पुन्हा, आणि चालू फाइलमध्ये तिसरं नाव घुसेल. हौस असेल तर तिकडे स्थिरावल्यावर बघा.

आता उशिराकडे येते. एक्सप्रेस एंट्रीसाठी सहा महिन्यांचं उद्दिष्ट आहे, पण ते बहुतेक अर्जांसाठी आहे, प्रत्येकासाठी नाही. शिवाय कॅनडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कायम रहिवाशांचे वार्षिक आकडे खाली आणले. २०२५ साठी आधी पाच लाख ठरले होते, ते ३ लाख ९५ हजार झाले आणि २०२६ साठी ३ लाख ८० हजार. जागा कमी, आत आलेले अर्ज तेवढेच. त्यात पार्श्वभूमीची तपासणी दुसऱ्या यंत्रणांकडे जाते आणि तिथे इमिग्रेशन खात्याचंही फारसं चालत नाही. म्हणून आठ महिने हे काळजीचं लक्षण आहेच असं मी म्हणणार नाही. दर आठवड्याला वेबफॉर्म भरून काही होत नाही, ठरावीक उत्तर येतं आणि तुमची दुरुस्ती त्या गर्दीत हरवते. दुरुस्तीचं पत्र पाठवल्यावर निदान दीड-दोन महिने काहीही विचारू नका.

त्यानंतरही शांतता असेल तर फाइलमधल्या नोंदी मागवा. आपल्या माहिती अधिकारासारखाच हा हक्क आहे. कॅनडाच्या प्रायव्हसी कायद्याखाली स्वतःबद्दलची माहिती मागता येते, आणि जुलै २०२२ पासून कॅनडाबाहेर राहणाऱ्यांनाही ती थेट मागता येते, फी न भरता. उत्तराची कायदेशीर मुदत ३० दिवस, प्रत्यक्षात वाढते. त्या नोंदींत कुठला टप्पा झाला, कुठला उरलाय, पडताळणी चालू आहे का, हे दिसतं. सुरक्षेशी संबंधित ओळी काळ्या केलेल्या असतात, त्यावरून तर्क लढवत बसू नका. कोर्टाचा मार्गही आहे, फेडरल कोर्टाकडून खात्याला निर्णय घ्यायला लावता येतं, पण तो अवाजवी उशिरासाठी आहे. आठ महिन्यांत तिथे जाण्यात पैसे वाया जातील.

पोलिस क्लिअरन्स ‘संपला का’ असंही तुम्ही विचारलंय. सध्या राहता त्या देशाचा दाखला अर्जाच्या दिवशी सहा महिन्यांपेक्षा जुना नको, एवढीच अट होती आणि ती तुम्ही पाळलीत. नवा हवा असेल तर ते मागतील. आपणहून पुन्हा पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन पाचशे रुपये भरायची गरज नाही. मागितलाच, आणि मधल्या काळात घर बदललेलं असेल, तर भाड्याचा नोंदणीकृत करार नव्या पत्त्याचा तयार ठेवा. हवालदार जुन्या पत्त्यावर जाऊन ‘राहत नाहीत’ असा शेरा मारून येतो, ही या भागातली नेहमीची कटकट आहे.

खरी घड्याळाची गोष्ट मेडिकलची आहे. २१ ऑगस्ट २०२५ पासून एक्सप्रेस एंट्रीत मेडिकल अर्जाच्या आधीच करावं लागतं, म्हणजे तुमचं सप्टेंबरातलं असणार. ते बारा महिने चालतं, तेव्हा येत्या सप्टेंबरात संपेल. तोवर निर्णय झाला नाही तर पुन्हा करायला सांगू शकतात. गरोदरपणात छातीचा एक्स-रे पुढे ढकलता येतो, डॉक्टरांना तसं सांगा. ढकललात तर तेवढा उशीर धरून चाला, पण तो आपल्या कारणाने झालेला उशीर आहे, त्याची धास्ती नको.

आणि बाळ. जन्म झाल्यावर खात्याला कळवणं ऐच्छिक नाही. कळवलं नाही आणि तुम्ही पीआर होऊन तिकडे उतरलात, तर त्या मुलाला पुढे कुटुंब म्हणून बोलावण्याचा मार्ग बंद होऊ शकतो. बाळासाठी जन्मदाखला, पासपोर्ट, मेडिकल आणि वेगळी फी लागेल. हॉस्पिटलातून नोंद होताना नावाची जागा बहुतेक जण बारशापर्यंत रिकामी ठेवतात. वर्षाच्या आत नाव फीशिवाय घालता येतं हे खरं, पण नाव नसलेला दाखला पासपोर्टला उपयोगाचा नाही. नाव आधीच ठरवून ठेवा, बारसं नंतर थाटात करा. दाखल्यावर आईचं नाव पासपोर्टवर आहे तेच लावा, नाहीतर वरचाच घोळ दुसऱ्यांदा.

चौथा माणूस वाढला की दाखवायची रक्कमही वाढते. २०२५ मध्ये लागू झालेल्या तक्त्यात तिघांना २३,३६० डॉलर आहेत, चौघांना २८,३६२. फरक आपल्या पैशात तीन लाखांच्या वर जातो. तक्ता दरवर्षी बदलतो, तेव्हा थोडी जास्तच रक्कम आत्तापासून खात्यात राहू द्या. बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लागते, शेवटच्या आठवड्यात सासऱ्यांकडून आलेली ठेव तिथे लगेच दिसते. आली तरी हरकत नाही, पण ती परत न करण्याची भेट आहे असं त्यांचं सहीचं पत्र हवं.

म्हणजे क्रम असा: ईमेल आणि पासवर्ड ताब्यात, मग अनुभवाच्या पत्राची शहानिशा, मग पुरावे गोळा करून दोन्ही चुकांचं एकच पत्र, मग गप्प बसणं, आणि ऑगस्टात बाळाची नोंद. पत्र बाळंतपणाच्या आधी जाऊ द्या, नंतर तुम्हाला वेळ मिळणार नाही.

एजंटला चाळीस हजार देऊ नका. पीआरच्या अर्जाला पैसे भरून पुढे ढकलण्याची सोय कॅनडात नाहीच, त्यामुळे ते पैसे कुठे जाणार हे तुम्हीच ओळखा. त्याच्याशी भांडूही नका, निदान पासवर्ड आणि सगळ्या कागदांच्या स्कॅन प्रती हातात येईपर्यंत.

आणि मुलीची पहिलीची फी आत्ता भरावी की थांबावं, हेही तुम्ही विचारलंय: भरून टाका. निर्णय उद्या आला तरी पासपोर्ट पाठवणं, बाळाचे कागद, तिकिटं, घराचं आवरणं यात पावसाळा सहज जातो, आणि तिला शाळेशिवाय घरी बसवून ठेवण्यासारखं तुमच्या फाइलमध्ये सध्या काहीही नाही. फक्त शाळा सोडल्याचा दाखला मधल्या सत्रात मिळतो का आणि फीचा किती भाग परत करतात, हे ऑफिसात विचारून घ्या आणि शक्य असेल तर हप्त्याने भरा.